‘तर’चं इंग्रजी

बारामती तालुक्यातल्या माळेगाव बुद्रुकच्या एका शाळेच्या भिंतीवर निळ्या रंगात ठळक लिहिलेलं होतं, ‘वाचाल तर वाचाल’. त्या भागात मी काही वर्षं इंग्रजीच्या शिकवण्या घेतल्या. एकदा नववीच्या मुलांना म्हटलं, रोज जाता-येता बघता ना, करा याचं इंग्रजी. श्लेष गेला तो गेलाच, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण बहुतेक वह्यांत एकच वाक्य उतरलं होतं : ‘इफ यू विल रीड, यू विल सर्व्हाइव्ह.’ मी पहिल्या ‘विल’वर लाल रेघ ओढत गेलो. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, भिंतीवर दोन्हीकडं ‘वाचाल’च आहे की. मग इंग्रजीत एक ‘विल’ ठेवायचं आणि एक खोडायचं, असं का?” मी म्हणालो, नियम आहे. शिक्षकाला उत्तर येत नसलं की नियम असतो.

तिला नीट उत्तर द्यायचं म्हणून पुढं बरीच व्याकरणं उलटली. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. संकेतार्थी वाक्यांत आपली मुलं चुकतात तेव्हा ती मराठीचं व्याकरण इंग्रजीत इमानेइतबारे पाळत असतात. जवळजवळ प्रत्येक चुकीच्या मुळाशी मराठीतला एखादा सरळ नियम सापडतो. तो नियम वर्गात उघड मांडला तर निम्मं काम तिथंच होतं. पण इंग्रजीच्या तासाला मराठीला वर्गाबाहेर उभं करायची आपल्याकडं रीत पडली आहे.

आधी मराठीचं घर बघू. शाळेत क्रियापदाचे चार अर्थ शिकवतात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. संकेतार्थाच्या उदाहरणात पाऊस हटकून असतो. पाऊस पडला असता तर पीक आलं असतं. हा पाऊस फार जुना आहे. घडायला हवी होती पण घडली नाही अशा क्रियेसाठी पाणिनीनं लृङ् हा लकार वेगळा सांगितला. त्यावरचं संस्कृत व्याकरणातलं ठरलेलं उदाहरणही हेच : पाऊस चांगला झाला असता तर सुकाळ झाला असता. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापून आलं, मोरो केशव दामले यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. म्हणजे या वाक्यांचा विचार मराठीत कालपरवा सुरू झालेला नाही.

मराठी ‘तर’ची गंमत अशी की तिथं ‘जर’ नसला तरी चालतो. ‘पाऊस आला तर पेरणी होईल’ हे वाक्य पुरं आहे. ‘जर’ घालायचा तो जोर द्यायला किंवा लांबलचक वाक्यात ऐकणाऱ्याला आधीच सावध करायला. ‘तर’ मात्र लागतोच. इंग्रजीत उलट. तिथं ‘इफ’वाचून सहसा भागत नाही आणि ‘देन’ गाळला तरी चालतो. आपली मुलं मात्र दोन्ही घालतात, ‘इफ इट रेन्स, देन वुई विल गो’, कारण ‘तर’ सोडून द्यायला त्यांचा जीव होत नाही. ही चूक नव्हे. थोडं जड वाटतं इतकंच. सेमी इंग्रजीतल्या मुलांना तर भूमितीच्या पुस्तकात ‘इफ’ आणि ‘देन’ जोडीनंच भेटतात.

आता ‘पाऊस आला तर’ याकडं नीट बघा. ‘आला’ हे रूप भूतकाळाचं, पाऊस मात्र यायचाय. मराठी इथं काळ सांगतच नाही. येण्याची क्रिया पुरी झाली असं धरून चला, एवढंच ती म्हणते. हाच ‘आला’ शब्दशः उचलला की वहीत येतं, ‘इफ द रेन केम, द सोइंग विल हॅपन’. आणि ‘वाचाल तर वाचाल’ किंवा ‘असतील शितं तर जमतील भुतं’ यांच्या वळणावर गेलं की येतं, ‘इफ इट विल रेन’. दोन्ही चुका मराठीच्याच, दोन वेगळ्या दारांनी आलेल्या. ‘तो आला असेल तर चहा टाक’ यातल्या ‘असेल’चं तिसरं दार आहे; त्यातून ‘इफ ही विल हॅव कम’ येतं. इंग्रजीला तिथं साधं ‘इफ ही हॅज कम’ हवं असतं.

मागच्या बाकावरच्या मुलीला जे उत्तर द्यायला हवं होतं ते साधारण असं. पुढच्या काळाची गोष्ट इंग्रजी मुख्य वाक्यात एकदाच सांगते. ‘इफ’, ‘व्हेन’, ‘अन्टिल’, ‘बिफोर’ यांच्या पोटवाक्यात ती ‘विल’ पुन्हा लावत नाही, वर्तमानाच्या रूपावर भागवते. ‘व्हेन ही विल कम’ चुकतं ते याच कारणानं. आपणसुद्धा ‘तो येईल की जेवू’ असं म्हणत नाही, ‘तो आला की जेवू’ म्हणतो. म्हणजे भविष्याचा प्रत्यय पोटवाक्यात टाळायची खोड मराठीलाही आहे, फक्त तिथं ती भूतकाळाचं रूप वापरते आणि इंग्रजी वर्तमानाचं. मराठीत जिथं ‘आला तर’, ‘झालं तर’, ‘मिळाले तर’ येतं तिथं इंग्रजीत वर्तमान, इतकं मुलांच्या हाती दिलं तरी पुष्कळ झालं.

याला अपवाद आहेत, आणि ते कळले की नियम जास्त नीट कळतो. ‘इफ यू विल वेट अ मिनिट’ हे शुद्ध इंग्रजी आहे. तिथल्या ‘विल’चा अर्थ राजीखुशी, ‘जरा थांबाल का’ मधला. माझ्या एका माजी विद्यार्थ्याला बारामतीच्या एमआयडीसीत नोकरी लागली. गिऱ्हाइकाला त्यानं लिहिलेला मेल त्यानं मला दाखवला : ‘इफ यू विल सेंड द ड्रॉइंग बाय मंडे, वुई विल स्टार्ट.’ व्याकरणाला पुरतं चूक म्हणता येत नाही, पण वाचणाऱ्याला सौदा केल्यासारखं वाटतं. तुम्ही पाठवायला तयार असाल तर बघू, असं. त्याला म्हणायचं होतं ते ‘सोमवारपर्यंत पाठवलंत तर बरं होईल’. इंग्रजीत त्यासाठी ‘इफ यू कुड सेंड’ आणि पुढं ‘वुई वुड बी एबल टु’. रूप भूतकाळाचं, विनंती उद्याची. मराठी माणूस ‘जमलं तर या’ म्हणतो तेव्हा त्यानंही हेच केलेलं असतं. नकार द्यायला पुढच्याला जागा ठेवायची असली की दोन्ही भाषा एक पाऊल मागं सरतात.

खरी अडचण ‘असता’ची. ‘पैसे असते तर ट्रॅक्टर घेतला असता.’ हे वाक्य कधीचं? आजचं असू शकतं : आत्ता पैसे नाहीत म्हणून घेत नाही. दहा वर्षांपूर्वीचं असू शकतं : त्या वर्षी बिल उशिरा आलं म्हणून राहिलं. मराठीला दोन्ही चालतात. काय ते प्रसंगावरून समजून घ्यायचं. इंग्रजी मात्र आधी विचारते, कधी? आजचं असेल तर ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ ट्रॅक्टर’. तेव्हाचं असेल तर ‘इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट’. तो दुहेरी ‘हॅड हॅड’ बघून मुलं हसतात, आपल्याकडून छपाईची चूक झाली असं समजून एक खोडूनही टाकतात. मराठीच्या एका रूपाची इथं इंग्रजीत दोन होतात, म्हणून ही जागा दोनदा, चारदा, दहादा घटवून घ्यावी लागते. यावर मला एकच उपाय सापडला : प्रत्येक ‘असता’पुढं कंसात ‘आज’ की ‘तेव्हा’ हे मराठीत लिहायला लावायचं आणि मगच भाषांतराला हात घालायचा. हे केलं की ‘त्या वेळी शिकलो असतो तर आज बँकेत असतो’ अशी मिश्र वाक्यंसुद्धा मुलं बिनधास्त करतात. एकापुढं ‘तेव्हा’ पडतं, दुसऱ्यापुढं ‘आज’.

‘असता’ची दुसरी खोड म्हणजे तो दोन्हीकडं सारखाच येतो. आलो असतो तर भेटलो असतो. तराजूच्या दोन पारड्यांसारखी ही वाक्यं आहेत. संस्कृतातही लृङ् दोन्ही वाक्यांत असतो. म्हणून मराठी मूल इंग्रजीतही पारडी सारखी करतं : ‘इफ आय वुड हॅव कम, आय वुड हॅव मेट हिम.’ आपण लाल रेघ ओढतो. पण जर्मन भाषा हीच समतोल रचना वापरते, जुन्या इंग्रजीत दोन्हीकडं ‘हॅड’ ठेवण्याची पद्धत होती आणि बोलक्या अमेरिकी इंग्रजीत ‘इफ आय वुड हॅव’ आज सर्रास ऐकू येतं. हे सांगायचं कारण मुलांना सूट मिळावी हे नाही. परीक्षेत आणि नोकरीच्या पत्रात ‘इफ आय हॅड कम’च लिहायला हवं. पण ज्या चुकीला मराठीचा, संस्कृतचा आणि जर्मनचा पाठिंबा आहे ती करणाऱ्या मुलाला ढ म्हणायचं धाडस मला होत नाही.

गंमत म्हणजे याच मुलांनी मराठीच्या तासाला वर्षानुवर्षं हेच काम उत्तम केलेलं असतं. शाळा नसती तर. परीक्षा नसत्या तर. आरसा नसता तर. सूर्य उगवला नाही तर. कल्पनाप्रधान निबंधांची ही परंपरा आपल्याकडं इतकी खोल आहे की सातवीतलं पोर न घडलेल्या जगाची दोन पानं सहज रंगवून देतं. आणि घरी कुणी फार जर-तर करू लागलं तर ‘आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं’ ही म्हण आहेच; तिच्याइतका नेमका संकेतार्थ व्याकरणाच्या पुस्तकातही सापडणं अवघड. इतकं भांडवल घेऊन आलेलं पोर शेजारच्या तासाला ‘सेकंड कंडिशनल’ या नावानं गोंधळून बसतं, तेव्हा दोष पोराकडं नसावा.

निबंधांच्या मथळ्यांतही एक बारकावा लपलेला आहे. ‘मी पंतप्रधान असतो तर’ यात मी पंतप्रधान नाही हे धरलेलं आहे. ‘मी पंतप्रधान झालो तर’ यात दार थोडं उघडं आहे. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘इफ आय वेअर’, दुसऱ्यासाठी आशा असली तर ‘इफ आय बिकम’, नसली तर ‘इफ आय बिकेम’. बारामती तालुक्यातल्या मुलानं ‘मी मुख्यमंत्री झालो तर’ लिहिलं आणि ‘बिकम’ वापरलं, तर शिक्षकानं खोडण्याआधी थोडं थांबावं. १९७८ साली शरद पवार झाले होते. शक्यता किती खरी धरायची हे बोलणाऱ्यानं ठरवायचं असतं. तक्ता ते ठरवू शकत नाही.

तक्त्याबद्दल बोललंच पाहिजे. शून्य, पहिलं, दुसरं, तिसरं असे चार प्रकार आज क्लासच्या प्रत्येक फळ्यावर असतात. हे प्रकार परक्यांना इंग्रजी शिकवणाऱ्यांनी सोयीसाठी केले. इंग्रजीचे मोठे व्याकरणकार इतके रकाने पाडत नाहीत. रँडॉल्फ क्वर्क आणि सहकाऱ्यांच्या १९८५ च्या महाव्याकरणात मुख्य विभागणी दोनच : खुली अट आणि कल्पित अट. हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२ च्या केंब्रिज व्याकरणातही खुली आणि दूरची. म्हणजे मराठीतल्या ‘आला तर’ आणि ‘आला असता तर’ यांच्यासारखीच. चार रकान्यांचा तक्ता पाठ करून मुलं रिकाम्या जागा भरतात, मार्कही मिळवतात. पण ‘इफ यू आर टायर्ड, सिट डाऊन’ हे वाक्य कोणत्या प्रकारात बसतं, असं विचारलं की सगळा वर्ग गप्प. कारण ते चारांत कुठंच सुखानं बसत नाही, आणि रोजच्या बोलण्यातली कितीतरी वाक्यं अशीच असतात.

जे. एल. ऑस्टिन या इंग्लिश तत्त्वज्ञानं १९५६ सालच्या एका व्याख्यानात असल्याच एका वाक्यावर बोट ठेवलं होतं : हवी असतील तर कपाटावर बिस्किटं आहेत. बिस्किटं तर आहेतच, कुणाला हवी असोत वा नसोत. मग ही अट कशाची? आपल्याकडं पाहुण्याला ‘भूक लागली असेल तर डब्यात चिवडा आहे’ म्हणतात, आणि पाहुण्याला भूक नसेल तर चिवडा डब्यातून नाहीसा होईल असं कुणी समजत नाही. अट चिवड्याला नाही, सांगण्याला आहे. मुलांना हे वाक्य दिलं की ती खुदकन हसतात, आणि ‘इफ’ म्हणजे नेहमी कारण-परिणाम नव्हे हे एका फटक्यात कळतं.

शब्दांच्या क्रमाबद्दल थोडंसं. मराठीत अट बहुधा आधी येते, निकाल नंतर. इंग्रजीत ‘वुई विल गो इफ इट स्टॉप्स’ असा क्रम तितकाच रुळलेला, आणि तेव्हा मधला स्वल्पविराम जातो. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगची १९१० सालची ‘इफ’ ही कविता मात्र मराठी वळणाची वाटावी अशी आहे : अटींमागून अटी येत राहतात, मुख्य वाक्य अगदी शेवटी येतं आणि सगळी कविता मिळून एकच वाक्य होतं. ‘हॅड आय नोन’, ‘शुड यू नीड’, ‘वेअर आय यू’ अशी ‘इफ’ गाळून केलेली उलटी रचना बँकेच्या आणि कंपनीच्या पत्रांत भेटते. ती ओळखता यावी, लिहिता आलीच पाहिजे असं नाही.

शाळेत इंग्रजी कधीपासून, या प्रश्नावर महाराष्ट्रानं बरीच वळणं घेतली. कधी आठवीपासून, कधी पाचवीपासून. २००० सालापासून ते पहिलीपासून सुरू झालं. तेव्हा रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते. त्यामुळं माळेगावातल्या ऊसतोडणी मजुराच्या मुलीच्या कानावरही ‘इफ’ फार लवकर पडू लागला, आणि हे चांगलंच झालं. पण शिकवण्याची पद्धत दोन टोकांत अडकली. एका टोकाला ‘तर्खडकर भाषांतर पाठमाले’ची परंपरा : मराठी वाक्य द्या, इंग्रजी करून घ्या. दुसऱ्या टोकाला मराठीचा शब्दही वर्गात नको, असं म्हणणारी पद्धत. बाकी धड्यांसाठी दुसरी पद्धत बरीही असेल. संकेतार्थाच्या बाबतीत माझा कौल पाठमालेच्या बाजूनं आहे, कारण इथं मुलाची चूक मराठीतून येते आणि मराठी वर्गात नसेल तर चुकीचा उगमच दिसत नाही.

‘अनलेस’चं उदाहरण घ्या. दहावीच्या परीक्षेत ‘इफ’चं वाक्य ‘अनलेस’नं करा, ‘अनलेस’ काढून टाका, हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्यांचा. मुलं लिहितात, ‘अनलेस यू डोन्ट स्टडी, यू विल फेल’. नकार दोनदा. कारण बहुतेक गाइडांत ‘अनलेस’चा अर्थ ‘जोपर्यंत नाही तोपर्यंत’ असा दिलेला असतो. त्या ‘नाही’चं इंग्रजी पोरांनी प्रामाणिकपणे केलं. पण मराठीत ‘अनलेस’ला नेमका जोडीदार आहे : ‘केल्याशिवाय’. ‘अभ्यास केल्याशिवाय पास होणार नाहीस.’ ‘केल्याशिवाय’ला वेगळा ‘न’ लागत नाही, तो ‘शिवाय’च्या पोटातच आहे. ‘केल्यास’ म्हणजे ‘इफ’, ‘केल्याशिवाय’ म्हणजे ‘अनलेस’. हे एकदा फळ्यावर आमनेसामने लिहिलं की ‘अनलेस यू डोन्ट’ जवळजवळ नाहीसं होतं. एवढी साधी गोष्ट गाइडांत का नसावी, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. परीक्षा मात्र असंही शिकवते की प्रत्येक ‘इफ नॉट’ला ‘अनलेस’ लावता येतो. ते खरं नाही. ‘तो आला नाही तर मला नवल वाटेल’ याचं इंग्रजी ‘अनलेस’नं केलं तर ते वाक्य इंग्रजी कानाला पटत नाही.

‘केल्यास’ हा मराठीचा कचेरीतला संकेतार्थ. घरात कुणी ‘भूक लागल्यास जेव’ म्हणत नाही, पण एसटीत, बँकेत, सोसायटीत भिंतीवर ‘ल्यास’ भरलेला असतो : विनातिकीट आढळल्यास, हप्ता थकल्यास, निवड झाल्यास. माळेगावच्या पोरांना हा ‘ल्यास’ शाळेच्याही आधी भेटतो, कारण शिवनगरला माळेगाव सहकारी साखर कारखाना आहे आणि उसाचा सगळा कारभार अटींवर चालतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार उसाचे पैसे चौदा दिवसांत दिले नाहीत तर वर्षाला पंधरा टक्के व्याज द्यावं लागतं. २०२४-२५ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होती, उतारा ०.१ टक्क्यानं वाढला तर ३ रुपये ३२ पैसे जास्त, घटला तर तेवढेच कमी, आणि उतारा साडेनऊच्या खाली गेला तरी ३१५ रुपये १० पैशांच्या खाली दर जात नव्हता. संकेतार्थी वाक्यांचे सगळे नमुने या एका हिशेबात आहेत. ‘उतारा वाढला तर दर वाढतो’ यात दोन्हीकडं वर्तमान : ‘इफ द रिकव्हरी राइजेस, द प्राइस राइजेस.’ ‘खाली गेला तरी’ म्हणजे ‘इव्हन इफ’. आणि हंगाम संपल्यावर पारावर बसून कुणी म्हणतो, उतारा अर्धा टक्का जास्त असता तर क्विंटलमागे सोळा रुपये साठ पैसे जास्त मिळाले असते. हा पक्का ‘तेव्हा’चा ‘असता’. वर्गात कुणा परदेशी माणसाच्या लॉटरीचं उदाहरण द्यायची गरजच काय?

कायद्याच्या इंग्रजीत मात्र ‘इफ’ वेषांतर करून येतो. ‘प्रोव्हायडेड दॅट’, ‘सब्जेक्ट टु’, ‘फेलिंग विच’. सरकारी मराठीत यांना ‘परंतु’, ‘अधीन राहून’, ‘तसे न केल्यास’ असे प्रतिशब्द आहेत, आणि कायद्यातल्या त्या ‘परंतु’वाल्या पोटकलमाला ‘परंतुक’ असं गोड नाव आहे. कर्जाच्या कागदावर सही करणाऱ्यानं निदान ‘फेलिंग विच’ कुठं आहे ते शोधावं.

‘तर’ला ‘च’ जोडला की सगळं बदलतं. ‘ई-केवायसी केली तर पैसे मिळतील’ आणि ‘ई-केवायसी केली तरच पैसे मिळतील’. पहिल्यात न केल्याचं काय, ते सांगितलेलं नाही. दुसऱ्यात दार बंद. इंग्रजीत ‘इफ’ आणि ‘ओन्ली इफ’. गंमत अशी की माणसं ‘तर’ ऐकूनही मनात ‘तरच’ धरतात. “बागेत खुरपणी केलीस तर शंभर रुपये देईन” असं ऐकलेलं पोर, खुरपणी न करता शंभर मिळतील अशी आशा ठेवत नाही. मायकल गाइस आणि आर्नल्ड झ्विकी या भाषाशास्त्रज्ञांनी १९७१ साली इंग्रजीतली हीच सवय टिपली. तर्कशास्त्राच्या पेपरात तिच्यामुळं मार्क जातात, व्यवहारात ती बहुधा बरोबर ठरते.

तर्क आणि ‘इफ’ यांचा एक प्रयोग मला नेहमी आठवतो. पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये चार पत्त्यांचं कोडं मांडलं : एका बाजूला स्वर असेल तर मागं सम आकडा असतो, हा नियम तपासायला कोणते पत्ते उलटायचे? पुढं ई, के, ४ आणि ७. उत्तर ई आणि ७. पण शिकलेली माणसंही बहुसंख्येनं चुकतात, ४ उलटतात. १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी तोच नियम बिअर पिणाऱ्याच्या वयाला लावला आणि बहुतेकांना झटकन जमलं. आपल्याकडं पत्त्यांच्या जागी एसटीचा पास ठेवून बघा. सवलतीचं तिकीट असेल तर पास असायला हवा. मग तपासनीस कुणाकुणाला विचारेल? सवलतवाल्याला, आणि ज्याच्याकडं पास नाही त्याला. कंडक्टरच्या मुलाला हे समजावायला लागत नाही. अवघड असतं ते अनोळखी आशयाचं वाक्य, ‘इफ’ नव्हे. माझ्या मते संकेतार्थ शिकवण्यासाठी हा प्रयोग तक्त्यापेक्षा जास्त कामाचा आहे.

पोरांना ‘इफ’ आता आणखी एका वाटेनं भेटतो. माळेगावात अभियांत्रिकीचं कॉलेज आहे. तिथलं पोर प्रोग्रॅम लिहितं तेव्हा १९५७ च्या फोरट्रानपासून चालत आलेला ‘इफ’ वापरतं. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालू आहे. अशा शेतीतल्या यंत्राचं मन म्हणजे जर-तरच : जमिनीतली ओल अमुकच्या खाली गेली तर पाणी सोड, नाही तर थांब. या ‘इफ’ला काळ नाही, आशा नाही, हळहळ नाही. त्यामुळं कोडिंग येणारी मुलं खुली अट पटकन पकडतात. ‘असता’पाशी मात्र तीही अडतात, कारण यंत्राच्या जर-तरमध्ये न घडलेल्या गोष्टीला जागा नसते. तिथं पुन्हा निबंधाची वहीच कामाला येते.

की, तर आणि असता हे तीन रस्ते नीरा डाव्या कालव्याकाठच्या माणसाला शिकवावे लागत नाहीत. ‘आवर्तन आलं की लागण करू’ म्हणणाऱ्याला पाणी येणार याची खात्री असते, दिवस ठरायचा तेवढा बाकी. ‘आवर्तन आलं तर’ म्हणणारा आधी विहिरीवरची मोटर दुरुस्त करून घेतो. ‘आलं असतं तर’ म्हणणाऱ्याचं पीक वाळलेलं असतं. पहिल्याचं इंग्रजी ‘व्हेन’, दुसऱ्याचं ‘इफ’ आणि वर्तमान, तिसऱ्याचं ‘इफ’ आणि ‘हॅड’. जर्मनला पहिल्या दोघांसाठी एकच शब्द पुरतो, इंग्रजीला आणि आपल्याला दोन लागतात; म्हणजे इथं मराठी पोर जर्मन पोराच्या पुढं आहे.

शेवटच्या वर्षी मी तक्ता फळ्यावर काढलाच नाही. मुलांना म्हटलं, या आठवड्यात घरात जे घडलं नाही त्यावर एक वाक्य लिहा, आधी मराठीत, पुढं ‘आज’ की ‘तेव्हा’ ते लिहा, मग इंग्रजीत. कुणाचा मोबाइल फुटला नसता, कुणाची म्हैस सापडली असती. मागच्या बाकावरची ती मुलगी तेव्हा दहावीत होती. तिनं लिहिलं होतं : ‘इफ द वॉटर हॅड कम ऑन ट्यूजडे, माय फादर वुड हॅव स्लेप्ट ऑन वेन्सडे नाइट.’ मराठी वाक्यापुढं कंसात ‘तेव्हा’ होतं, आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘आज पण’. ‘वेन्सडे’चं स्पेलिंग चुकलं होतं.